कानांनी पाहिलेलं क्रिकेट : जबलपूरची मराठी घरं, 1971 ते 1987

24 ऑगस्ट 1971. गणेश चतुर्थी. लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा भारताला जिंकायला 97 धावा हव्या होत्या आणि 8 गडी हातात होते. आदल्या दिवशी चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन इंग्लंडचा डाव 101 धावांत गुंडाळला होता. पोलिओने बारीक झालेल्या उजव्या हाताने त्याने हे केलं होतं. व्यंकटराघवनच्या गोलंदाजीवर एकनाथ सोलकरने फलंदाजाच्या पुढ्यात झेपावत ॲलन नॉटचा झेल घेतला, तोही त्याच डावात. इंग्लंडमधल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर फिरवली. चतुर्थीच्या दिवशी गजराजाचं दर्शन झालं म्हटल्यावर विजयाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

तिकडे ही हत्तीण फिरत होती, तेव्हा इकडे जबलपूरला पाऊस कोसळत होता. नर्मदेला पूर होता, आभाळात वीज कडाडली की रेडिओतून खरखर उठायची आणि शॉर्ट वेव्हवर कसंबसं धरून ठेवलेलं बीबीसी हातातून निसटायचं. आमच्या घरी सकाळीच गणपती बसला होता. मोदक झाले होते, पाहुणे येऊन गेले होते. दुपार टळल्यावर मात्र आजोबांनी पाट ओढून रेडिओपुढे बैठक मारली. अजित वाडेकर एकही धाव न वाढवता धावबाद झाला, तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनियर यांनी डाव पुढे नेला. अबिद अलीने विजयी फटका मारला तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झाली होती. आरतीची वेळ होऊन गेली होती. आजीने निरांजन लावून ठेवलं होतं, पण कोणाला हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी आरती उशिरा झाली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने झाली.

वाडेकरचा संघ त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकून आला होता. दिलीप सरदेसाईने तिथे 642 धावा केल्या होत्या आणि 21 वर्षांच्या सुनील गावस्करने 4 कसोटींत 774. आता इंग्लंडही हरलं होतं. संघाचे व्यवस्थापक हेमू अधिकारी, कर्णधार वाडेकर, सलामीला गावस्कर, फॉरवर्ड शॉर्टलेगला सोलकर. महाराष्ट्राच्या सीमेपासून दूर, हिंदी मुलखात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही नावं म्हणजे घरच्या माणसांची नावं होती.

एका प्रांताची दोन शकलं

जबलपूरला मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतलं, पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि 1817 नंतर इंग्रजांचा. 1861 साली मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर. तेव्हापासून जवळजवळ शतकभर जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. 1870 साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरला पूर्ण झाला. 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आली. कचेरीत, रेल्वेत, कारखान्यांत, शाळा-कॉलेजांत, कोर्टात मराठी माणसं नोकरीला लागली आणि गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउन, रांझी अशा वस्त्यांतून स्थिरावली.

मग 1 नोव्हेंबर 1956 हा दिवस आला. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. शहराला उच्च न्यायालय मिळालं, पण घराघरांतल्या नात्यांच्या मधून राज्याची सीमा गेली. बहीण नागपूरला, भाऊ जबलपूरला. कागदोपत्री एक परराज्य झालं. लग्नकार्यासाठी गोंदियाच्या छोट्या गाडीने किंवा सिवनीमार्गे बसने जाणं-येणं चालू राहिलं, पण रोजचं जगणं हिंदीत होऊ लागलं. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, घरात मराठी. गजानन माधव मुक्तिबोध हे त्या काळाचं मोठं उदाहरण. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत, आणि उमेदीच्या वर्षांतला काही काळ जबलपुरात.

शहराचा स्वतःचा खेळ खरं तर हॉकी. ध्यानचंदचे धाकटे भाऊ रूपसिंग जबलपूरचेच, 1908 चा जन्म. मोहल्ल्यामोहल्ल्यात हॉकीच्या काठ्या दिसायच्या. क्रिकेटची गोष्ट वेगळी होती. मोठा सामना बघायचा तर नागपूर, मुंबई, दिल्ली, कलकत्ता गाठायला हवं. म्हणून जबलपूरकराने क्रिकेट आधी ऐकलं आणि पाहिलं फार नंतर. या लेखाचा विषय तेच ऐकणं आहे. कारण माझी खात्री आहे की त्या ऐकण्यानेच आमच्या घरांना एका वेळी दोन्हीकडचं ठेवलं, महाराष्ट्राचंही आणि जबलपूरचंही.

मराठी नावं, हिंदी आवाज

आमच्याकडचा रेडिओ व्हॉल्व्हचा होता. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे. आधी काचेमागे पिवळा उजेड पडायचा, मग हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा आणि मग कुठून तरी लांबून गर्दीचा आवाज जवळ यायचा. वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल. गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. रेडिओला सरकारी लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून आणायचा. ते पुस्तक रेशनकार्डाशेजारी, कुलपात ठेवलेलं असे.

आकाशवाणीचं जबलपूर केंद्र 1964 साली सुरू झालं होतं. हिवाळ्यात भारतात कसोटी असली की समालोचन आळीपाळीने हिंदी आणि इंग्रजीत व्हायचं. हिंदीत जसदेव सिंह, रवी चतुर्वेदी आणि इंदूरचे सुशील दोशी. दोशींचा आवाज आमच्या घरात खास मानाचा होता, कारण ते आपल्याच मध्य प्रदेशातले. पुढे 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्रजी समालोचन चालू झालं की आजोबा आणि काका पुढे सरकायचे. हिंदी आलं की आजी, आई, काकूही कान द्यायच्या. अर्धं घर एका भाषेत आणि सगळं घर दुसऱ्या भाषेत सामना ऐकायचं. तिकडे पुण्यात बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन लोकप्रिय केलं होतं, पण ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे मराठी समालोचन घरातच तयार व्हायचं. आवाज रेडिओवरून हिंदीत यायचा आणि माजघरात पोचेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असायचं.

ते पोचवणं हे मुलांचं काम. काकू तांदूळ निवडता निवडता विचारायची, "काय रे, गावस्कर खेळून राहिला ना अजून?" मग ओसरीवरून स्वयंपाकघरात धावत जायचं आणि एका दमात धावसंख्या, बाद कोण, खेळतंय कोण हे सांगायचं. चूक झाली तर आतूनच दुरुस्ती यायची, कारण बायकांचा हिशेब पक्का असे. आजोबांची एक वही होती. शाळेच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं दाभणाने शिवून केलेली. पट्टीने रेघा ओढलेल्या, डावीकडे फलंदाज, उजवीकडे गोलंदाज, धावा देवनागरी आकड्यांत. निर्धाव षटकाला ते लाल पेन्सिलीने गोल काढायचे. बापू नाडकर्णींनी 1964 साली मद्रासला लागोपाठ 21 निर्धाव षटकं टाकली, ते पान काढून ते आम्हाला दाखवायचे. त्या लाल गोलांच्या ओळीकडे बघून संयम म्हणजे काय हे कळायचं.

मुंबईची वर्तमानपत्रं मेलगाडीने यायची, नागपूरचा 'तरुण भारत' यायचा. तोवर बातमी शिळी झालेली असायची, तरी ती वाचली जायचीच. कानाने ऐकलेला फटका छापील फोटोत कसा दिसतो हे बघायचं असे. एक अंक चार घरांत फिरायचा आणि शेवटी त्यातला फोटो कोणाच्या तरी वहीत चिकटायचा.

सागरचे सरवटे

पाऊस पडून खेळ थांबला, की आजोबांच्या पिढीचं क्रिकेट सुरू व्हायचं. त्यात पहिला मान सी. के. नायडूंचा. ते नागपूरला जन्मले, म्हणजे आमच्याच जुन्या प्रांतातले. डिसेंबर 1926 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी 11 षटकार ठोकून 153 धावा काढल्या आणि 1932 साली ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पुढे इंदूरच्या होळकर संघाने त्यांच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड अशी माणसं त्या संघात होती.

त्याच संघातले चंदू सरवटे. त्यांचा जन्म 1920 चा, सागरचा. जबलपूरहून सागर म्हणजे शेजारचं गाव. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवरच सरे संघाविरुद्ध भारताचे 9 गडी 205 धावांत बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकावरचे शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी 249 धावा केल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक ठोकण्याचा प्रकार त्यानंतर प्रथम श्रेणीत पुन्हा घडायला 2024 साल उजाडावं लागलं. तेव्हा तो मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी घडवला.

आजोबा ही गोष्ट सांगताना "आपला सरवटे" असं म्हणायचे. ओळखदेख काही नव्हती. पण सागरचा मराठी मुलगा ओव्हलवर उभा राहिला, हे त्यांना पुरेसं होतं. परप्रांतात गेलेल्या माणसांना इतिहासात आपला कोणीतरी लागतो. आमच्या घरांना तो क्रिकेटने दिला.

हरण्याची शिकवणी

1971 नंतर घसरणही ऐकली. जून 1974 मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव 42 धावांत आटोपला. 1971 च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, तिला लोकांनी काळं फासलं. आमच्या घरी त्या दिवशी वही उघडीच राहिली. आजोबांनी मात्र सगळे आकडे नीट भरले, सोलकरच्या नाबाद 18 धावांसकट. हरलेला सामनाही पूर्ण लिहायचा, हा त्यांचा नेम होता.

1976 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 धावा करून कसोटी जिंकली. सप्टेंबर 1979 मध्ये पुन्हा ओव्हल. जिंकायला 438 हवेत, गावस्करच्या 221. खेळ संपला तेव्हा 8 बाद 429. फक्त 9 धावा राहिल्या. रात्र झाली होती, जेवणं खोळंबली होती. गावस्कर बाद झाल्यावर काका गच्चीवर निघून गेले, वडील मात्र शेवटपर्यंत बसून होते. न जिंकता, न हरता एखादी गोष्ट इतकी मोठी होऊ शकते, हे मला त्या रात्री कळलं. घरातल्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे वाचायलाही आम्ही अशाच रात्री शिकलो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. रेडिओला चित्र नसतं, म्हणून एकमेकांकडे बघावं लागतं.

गच्चीवरची रात्र

जून 1983. जबलपूरचा उन्हाळा उतरणीला लागला होता, पहिला पाऊस येऊ की नको म्हणत होता. सगळं घर गच्चीवर झोपायचं. आता व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आला होता, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरमधला. सेल उतरले की ते दुपारी उन्हात ठेवून पुन्हा चालवायचे.

इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. 18 जूनला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे 5 गडी 17 धावांत गेले आणि कपिल देवने नाबाद 175 धावा केल्या. त्या खेळीचं चित्रणही झालं नाही. साऱ्या जगाने ती खेळी आमच्यासारखीच, न बघता मनात जपली. 22 तारखेच्या उपांत्य सामन्यात यशपाल शर्माच्या 61 आणि संदीप पाटीलच्या 32 चेंडूंतल्या नाबाद 51 धावांनी इंग्लंडला घरी बसवलं.

25 जून, शनिवार. समोर वेस्ट इंडिज. श्रीकांतच्या 38 धावा सर्वाधिक आणि सगळा डाव 183 मध्ये आटोपलेला. 60 षटकांच्या सामन्यात हे किती कमी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आईने गाद्या घातल्या, लहान भावंडं झोपली. मग संधूचा चेंडू ग्रीनिजने सोडून दिला आणि यष्टी उडाली. तरी रिचर्ड्स होता. तो चौकारांमागून चौकार मारत होता आणि काका ट्रान्झिस्टर बंद करा म्हणत होते. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने उंच फटका मारला आणि कपिल मागे धावत गेला. झेल पूर्ण झाल्याचं समालोचकाने सांगण्याआधी मैदानातला कल्लोळ ऐकू आला. शेजारच्या गच्चीवरूनही तसाच आवाज उठला. आमच्या शेजारी बंगाली कुटुंब होतं, पलीकडे गुजराती, कोपऱ्यावर एक पंजाबी सरदारजी. त्या गच्च्यांवर एकाच वेळी दिवे लागले. मोहिंदर अमरनाथने 12 धावांत 3 बळी घेतले. शेवटचा होल्डिंग पायचीत झाला तेव्हा वेस्ट इंडिजच्या 140 धावा झाल्या होत्या आणि आपल्याकडे मध्यरात्र.

झोपलेल्या भावंडांना उठवलं. वडील चपला घालून बाहेर पडले ते खव्याची जिलबी मिळते का बघायला. जबलपूरची ती खासियत, पण इतक्या रात्री कुठली मिळणार. ती सकाळी आली, पोह्यांबरोबर, आणि सगळ्या आळीत वाटली गेली.

या विजयाला आमच्या जुन्या प्रांताची आणखी दोन माणसं जोडलेली होती. विश्वचषकाचा संघ निवडणाऱ्या समितीत सागरचे चंदू सरवटे होते. आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते एन. के. पी. साळवे. कर्मभूमी नागपूर, जन्म 1921 चा, छिंदवाड्याचा. मंडळाकडे तेव्हा खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसा नव्हता. लता मंगेशकरांनी ऑगस्टमध्ये दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. अंतिम सामन्यासाठी साळव्यांनी लॉर्ड्सकडे दोन जादा पास मागितले होते, ते नाकारले गेले. तो नकार मनात ठेवून त्यांनी पाकिस्तानच्या मंडळाला सोबत घेतलं आणि पुढचा विश्वचषक इंग्लंडबाहेर, भारतीय उपखंडात आणला.

चित्र आलं

1984 साली देशभर झपाट्याने छोटे प्रक्षेपक उभे राहिले आणि दूरदर्शन गावोगाव पोचलं. आमच्याकडे लाकडी सरकत्या दाराचा ब्लॅक अँड व्हाइट संच आला. गच्चीवर जिथे तांब्याची जाळी होती, तिथे ॲल्युमिनियमचा अँटेना उभा राहिला. एक जण वर, एक जिन्यात, एक संचासमोर. "आलं का?" "नाही, थोडं डावीकडे. बस, बस, आता हलवू नको!" मार्च 1985 मध्ये मेलबर्नला पाकिस्तानला हरवून गावस्करचा संघ जिंकला आणि रवी शास्त्रीला मिळालेल्या ऑडी गाडीवर चढून सगळे मैदानभर फिरले. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आजोबांचा कानावरचा विश्वास मात्र गेला नाही. टीव्हीचा आवाज बंद करून ते शेजारी रेडिओ लावायचे. आजीला टीव्हीने नवीन जग दिलं. इतकी वर्षं नावाने ओळखलेली माणसं कशी दिसतात हे तिला पहिल्यांदा दिसलं. गावस्करची उंची बघून ती चकित झाली होती. इतक्या धावा काढणारा माणूस तिच्या मनात पुष्कळ उंच होता.

31 ऑक्टोबर 1987. साळव्यांनी आणलेला विश्वचषक आणि सामना नागपूरला, व्हीसीएच्या मैदानावर, न्यूझीलंडशी. आमचे निम्मे नातेवाईक तिथे प्रेक्षकांत होते. चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या लागोपाठ तीन चेंडूंवर यष्ट्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. मग 222 धावांचा पाठलाग करताना तापाने फणफणलेल्या गावस्करने 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक. 32.1 षटकांत सामना संपला. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की आत्या दिसते का, मामा दिसतो का, हे शोधायला सगळे संचाला नाक लावून बसायचे. 1956 साली घरांच्या मधून गेलेली रेघ त्या दिवशी आमच्यापुरती पुसली गेली होती. पाच दिवसांनी वानखेडेवर ग्राहम गूचने स्वीप मारमारून 115 धावा केल्या आणि स्पर्धा आपल्यासाठी संपली, तेव्हाही हळहळ नागपूर-जबलपूर दोन्हीकडे सारखीच होती.

त्यानंतर रंगीत संच आले, मग केबल आली, प्रत्येक खोलीत पडदा आला. सामना बघायला एकत्र बसण्याची गरज उरली नाही. नव्या सोयींना मी दोष देत नाही. आजचा मुलगा जे बारकावे बघतो, ते आम्हाला कधी दिसले नाहीत. पण 1971 ते 1987 या 16 वर्षांत जबलपूरच्या मराठी घरांत जे घडलं, त्याला मी इतिहास मानतो. मातृभाषेचा प्रांत हातातून गेला होता, जगण्याची भाषा बदलत होती, आणि त्याच काळात मुंबईच्या, नागपूरच्या, सागरच्या माणसांच्या पराक्रमाची हकीकत हिंदी आवाजातून येऊन मराठीत सांगितली जात होती. आम्हाला दोनांपैकी एक निवडावं लागलं नाही. आम्ही जबलपूरचेही राहिलो आणि मराठीही, याचं मोठं श्रेय मी त्या ओसरीवरच्या बैठकीला देतो.

हा इतिहास कोणत्याही धावफलकात नाही. तो ऐकणाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ओव्हलची ती संध्याकाळ जाणत्या वयात ऐकलेली माणसं आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. घरात असं कोणी असेल तर त्यांच्याशेजारी बसा. त्या दिवशी रेडिओ कुठे होता, कोण कुठे बसलं होतं, नैवेद्याला काय होतं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सगळं विचारा आणि लिहून ठेवा. हरलेल्या सामन्यांसकट.